कानाची खूण

छावणी भागातल्या मोच्याकडून चपलेचा तुटलेला अंगठा शिवून घेऊन प्रांजली संस्थेच्या ऑफिसकडे निघाली होती, तेवढ्यात मागून तो आवाज आला. जीभ टाळूला चिकटवून, ओठ सैल सोडून घशातून काढलेला आवाज. त्याला शिट्टी म्हणता येत नाही आणि हाकही म्हणता येत नाही. केळ्यांच्या गाड्याखाली सालं चघळणाऱ्या शेळीनं मान वर केली. प्रांजलीनंही केली. आपण आणि शेळी एकाच वेळी वळलो हे तिच्या ध्यानात येईपर्यंत तिच्यापुढे एक रिक्षा कचकन थांबली होती आणि रिक्षावाला, सोनाच है तो घर जाके सोव ना आपा, असं अगदी मायेनं सांगत होता. ती हलली नाही. गाड्यापाशी उभ्या असलेल्या उंच, काळ्याभोर पोराकडे बघत राहिली. तो इद्रिस होता, संस्थेत येणाऱ्या मुलांपैकी एक. त्यानं शेळीला एक साल दिलं, तिच्या कानामागे खाजवलं आणि चोरी करताना कुणी पाहिलं की काय अशा चेहऱ्यानं इकडेतिकडे बघून चालू लागला. प्रांजलीची छाती धडधडत होती. त्या धडधडीत भीती नव्हती, दुःख नव्हतं, काहीच नव्हतं. ती नुसती चालू होती.

तो आवाज आबाचा होता. अगदी तसाच नव्हता. आबा शेवटाला आवाज तोडायचा, या पोरानं तो लांबवला होता. पण सहा वर्षांची असताना घोंगडीत गुरफटून ती हाच आवाज ऐकत जागी व्हायची, आणि तिच्याआधी मेंढरं उठलेली असायची. आबा, म्हणजे तिचा बाप मुंजाबा, चैत्रात गेला. करमाडच्या अलीकडे एका शेतात खतासाठी मेंढरं बसवली होती, सकाळी बांधावर तंबाखू मळत बसला तो बसलाच. प्रांजली तिथे पोचली, तिनं माणसं बोलावली, लाकडं आणवली, सगळं नीट केलं आणि रडली नाही. पोरगी खंबीर हाय, असं बाया म्हणाल्या. खंबीर कसली, बधिर होती. फार वेळ मांडी घालून बसल्यावर पाय आपलाच आहे हे नुसतं बघून कळतं, तसं तिचं सगळ्याच बाबतीत झालं होतं. तेराव्यानंतर ती ऑफिसला गेली आणि तिनं मुलांसमोर दोन तास ‘स्वतःच्या पायावर उभं राहणं’ या विषयावर बोलून दाखवलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पडेगावच्या खोलीवर येऊन तिनं वरण-भात खाल्ला. त्याला चव होती की नव्हती, हे तिला आज सांगता आलं नसतं.

संस्था परदेशी मुलांसाठी होती. म्हणजे जी इथे शिकायला आली आणि मागे ज्यांचा देशच पेटला, अशा मुलांसाठी. या शहराला असली मुलं नवी नाहीत. इद्रिस सुदानच्या पार पश्चिमेकडचा. बी. कॉम. करायला आला, दुसऱ्या वर्षात असताना तिकडे लढाई सुरू झाली, गाव जळालं, आई आणि बहिणी सीमा ओलांडून तंबूत गेल्या. बापाचा पत्ता लागला नाही, जनावरांचा तर नाहीच. फी थांबली तसं कॉलेज थांबलं. दिल्लीहून त्याला निर्वासित असल्याचं कार्ड मिळालं होतं, ते तो पॅन्टच्या खिशात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवायचा. अशा मुलांना टिकाऊ उपजीविका मिळवून देणं हे संस्थेचं काम. संस्थेकडे तीन कोर्स होते, आणि जगात तीनच धंदे असतात अशी संस्थेची समजूत होती: बेकरी, शिवणकाम आणि मोबाइल दुरुस्ती. इद्रिसनं बेकरीचा कोर्स मुकाट्यानं पुरा केला, एका बेकरीत लागला आणि थोड्याच दिवसांत जायचा बंद झाला. संस्थेचे प्रमुख सुदर्शन सर म्हणाले, त्याच्यात इच्छाशक्तीच नाही. प्रांजलीनं विचारलं तेव्हा इद्रिसनं खाली बघत, खोलीवरच्या पोरांकडून उचललेल्या इथल्याच दखनीत सांगितलं होतं, “भट्टी में मेरेकू घर दिखता, मॅडम.” तिनं मान डोलावली होती आणि सरांना जाऊन सांगितलं होतं की त्याला उष्णता सोसत नाही.

त्या दिवशी ऑफिसात पोचल्यावर तिनं त्याला बोलावून घेतलं आणि तुमच्याकडे जनावरं होती का, एवढंच विचारलं. हौ, तो म्हणाला. मग जरा थांबून, कोर्सच्या मुलाखतीत कधी बोलला नव्हता इतकं बोलला. मेंढ्या होत्या, उंट होते, पावसामागे वर जायचं आणि उन्हाळ्यात खाली यायचं. त्याचे आजोबा उंटावर बसून मेंढ्या राखायचे. उंटावरून शेळ्या हाकणं ही म्हण आपल्याकडे ऑफिसात बसून हुकूम सोडणाऱ्यांसाठी आहे, आणि ती या क्षणी खुर्चीत नेमकं कोण बसलंय हे बघून बोलायला हवी, असं प्रांजलीच्या मनात आलं. एरवी ती खुदकन हसली असती. आता नुसतं मनात आलं आणि गेलं.

म्हाळसाबाई, तिची माय, अजून मेंढरांमागेच होती. प्रांजलीचा भाऊ खंडेराव शेंद्र्याला कंपनीत, त्याला सुट्टी नाही आणि त्याच्या दोन खोल्यांत मेंढरं मावत नाहीत. ठेवलेला गडी आबानंतर महिन्याभरात पळाला. गुडघे धरून, काठी टेकत, माय एकटी करमाडच्या शिवारात या शेतातून त्या शेतात मेंढरं बसवत फिरायची. प्रांजली इद्रिसला घेऊन तिथे गेली तेव्हा माय पदर डोळ्यांपर्यंत ओढून त्या पोराकडे खूप वेळ बघत राहिली. कोन जातीचा, असं तिनं हळूच विचारलं. मेंढरंवाल्याचा, प्रांजली म्हणाली. “मंग झालं,” माय म्हणाली, आणि एक लंगडणारी मेंढी तिनं काठीनं त्याच्याकडे लोटली. इद्रिसनं मेंढी पायात अडकवून खाली बसवली, खूर उलटा केला, अंगठ्यानं दाबत दाबत काटा शोधला आणि दातांनी उपसून थुंकला. मायनं मेंढरं कोंडायच्या जाळीच्या खुंट्या त्याच्या हातात दिल्या. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि त्या दुपारी तरी ती कुणाला लागली नाही.

मग चाकरीची बोलणी निघाली, आणि माय-लेकींचं तिथेच बिनसलं. मायची रीत सरळ होती. चाकराला खायला-ल्यायला, अंगावर घोंगडी, पायात वहाण. आणि वर्ष भरलं की मादी कोकरांतली काही त्याची. त्याची म्हणजे त्याच्या हातानं त्यांच्या कानाला त्याच्या घरची खूण करायची. ती मालकाच्याच कळपात चरायची, वाढायची, व्यायची. कळप विकायची पाळी आलीच, तर घेणारा सौद्याआधी चाकराकडे वळून म्हणतो, तुझी काढून घे. मग बहुतेक वेळा काढून घ्यायची गरजच पडत नाही. ज्याची चार मेंढरं कळपात आहेत तो आपल्या मेंढरांमागे नव्या मालकाकडे जातो. मुंजाबा असाच आला होता. म्हाळसाबाईच्या बापानं कळप विकत घेतला आणि त्यामागून, आपल्या खुणेच्या मेंढ्या राखत, हा पोरगा आला. माझं लगीन मेंढरांच्या कानानं जमवलं, असं माय अजून सांगायची.

प्रांजली नाही म्हणाली. कामाच्या बदल्यात जनावर देणं ही वेठबिगारी झाली, असं ती मायला म्हणाली, आणि म्हणताना तिचा आवाज आपोआप वर्गातल्यासारखा झाला. संस्था प्रकल्पातून त्याला दरमहा पगार देईल, तो बँकेत जमा होईल, त्यानं मेंढपाळीचं काम करावं, सगळं रीतसर. समाजकार्याच्या कॉलेजात तिला हे शिकवलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. पण खरं कारण आणखी खाली होतं. आश्रमशाळेच्या वसतिगृहात पहिल्या रात्री तिनं घोंगडी उलगडली तेव्हा शेजारच्या पोरींनी नाकाला रुमाल लावले होते. तुझे वडील काय करतात, असं बाईंनी विचारल्यावर इतर पोरींचे वडील शिक्षक होते, कंडक्टर होते, कंपनीत होते. त्यांना एक तारीख असायची. आबाला तारीख नव्हती. त्याला पाऊस होता, ऊन होतं आणि लोकांच्या शेताचे बांध होते. त्या रात्री तिनं देवाकडे आबासाठी पगार मागितला होता. आता तो पगार तिच्या हातात आला होता आणि तो तिनं या परक्या पोराला दिला. मायनं ऐकून घेतलं. “पगारी मानूस तारखंकडं बघतो गं,” ती म्हणाली, “अन् ज्याच्या खुनंचा कान हाय त्यो कळपाकडं बघतो.” पण शिकलेल्या पोरीपुढे ती फार वेळ टिकणारी नव्हती. तू सांगशील तसं, म्हणाली आणि चुलीकडे वळली.

हिवाळा चांगला गेला. इद्रिस माणसात आला असं सगळे म्हणायचे, आणि आला होताच. अंगानं भरला. मायला तो अम्मा म्हणायचा, माय त्याला इद्रूस म्हणायची. भाकरी त्याला थापता येत नव्हती म्हणून माय रोज त्याची थट्टा करायची आणि रोज शिकवायची. सुदर्शन सर एकदा पाहुणे घेऊन आले, कोकरू हातात दिलेल्या इद्रिसचे फोटो निघाले, टिकाऊ उपजीविका या शब्दाचा उच्चार बांधावर बऱ्याच वेळा झाला. प्रांजली रविवारी जायची. मेंढरांत बसायची, हात लावायची नाही. मायच्या शेजारी बसून ती वाट बघायची, की काहीतरी वाटेल. आबाची जागा रिकामी दिसेल आणि डोळ्यांत पाणी येईल. ती जागा दिसायची, तिथे इद्रिसही दिसायचा, आणि पुढे काहीच व्हायचं नाही.

असाच एक रविवार. सकाळी एक मेंढी अडली होती, आणि इद्रिसनं हात घालून पिल्लू सोडवलं होतं. ओली, काळ्या तोंडाची मादी. प्रांजली आली तेव्हा त्याच्या बाह्या अजून भरलेल्याच होत्या. तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि कितीतरी दिवस मनात घोळवलेलं असावं तसं बोलला. “मॅडम, ये वाली मेरेकू मिलती क्या? पगार नक्को.” मग बोटानं धुळीत त्यानं कान काढून दाखवला: टोकाला तिरपा छेद आणि खालच्या कडेला एक बारकी खाच. त्याच्या बापाची खूण. आमच्याकडेही असंच असतं, राखणारा आपली मेंढी कमावतो, एकीच्या चार होतात, असं काहीसं तो सांगत होता. तिकडे जनावरं उरली नाहीत, पण इथे एका कानावर ही खूण असली तर ती आहे. प्रांजलीनं त्याला समजावलं. मेंढरं रोगानं मरतात, गाडीखाली येतात, कोल्हा नेतो. पगार मरत नाही. बँकेत राहतो, साठतो. तो ऐकत होता, मान डोलावत होता. हौ मॅडम, म्हणाला. उठताना त्यानं धुळीतला कान पायानं पुसला. माय पलीकडे धार काढत होती. तिनं सगळं ऐकलं आणि धार पुरी केली.

उन्हाळ्याच्या तोंडाला प्रकल्प संपला आणि पगार मेला. त्याला रोगसुद्धा लागावा लागला नाही. सुदर्शन सर हळहळले, पुढच्या वर्षी बघू म्हणाले. इद्रिस मात्र गेला नाही. पगाराशिवाय तसाच मेंढरांमागे चालत राहिला, मायची भाकरी खात आणि मायचे गुडघे शेकत. यावर काय करायचं, याचा विचार प्रांजलीनं केला नाही असं नाही. रोज करायची, विचार मनात यायचा, उंबऱ्यावर उभा राहायचा आणि कुणी या म्हटलं नाही म्हणून परत जायचा. तेवढ्यात माय ओढ्याच्या उतारावर पडली. हाड मोडलं नाही, पण उठवून बसवायला दोघं लागले. खंडेराव धावत आला, मेंढरं विकून टाक, हे वर्षभराचं म्हणणं त्यानं पुन्हा मांडलं, आणि या वेळी मायनं हो म्हटलं. येत्या गुरुवारी छावणीच्या बाजारात मेंढरं विकायला काढायची ठरली. इद्रिसला कुणी काही सांगितलं नाही. त्याला कळलं असावं. तो मेंढरांची खुरं एकेक करून साफ करू लागला.

गुरुवारी त्यानंच मेंढरं हाकत आणली. बाजार उन्हानं आणि धुळीनं भरला होता, बैलांच्या घुंगरांचा, चहावाल्यांचा, टेम्पोंचा आवाज एकात एक कालवला होता. माय एका पोत्यावर पाय पसरून बसली, खंडेराव मोबाइलवर कुणाशी तरी शिफ्टबद्दल बोलत होता. दोन व्यापारी येऊन मेंढरांच्या पाठी चिमटून गेले. ते खाटकाला देणारे, म्हणून माय त्यांच्याशी बोललीच नाही. मग दौलताबादकडचा एक म्हातारा मेंढपाळ आला. डोक्याला लाल मुंडासं, खांद्यावर काळी घोंगडी, वैशाखातसुद्धा. त्याला कळप चालवायला हवा होता, कापायला नाही. मेंढरं त्याला पसंत पडली. आपला पोरगा ट्रकवर गेला, मागं चालायला मानूस नाय राहिलं, असं तो मायजवळ बसून सांगत होता. ते ऐकून प्रांजलीला बरं वाटलं. म्हणजे बरं वाटायला हरकत नाही असं वाटलं. इद्रिस आपोआप मार्गी लागणार होता. मेंढरं जातील, मागून तो जाईल. यात कुणाला काही करावंच लागणार नव्हतं.

म्हातारा उठला. खांद्यावरचा रुमाल काढून त्यानं हातावर घेतला. सौदा त्याखाली बोटांनी व्हायचा होता. पण मायकडे वळण्याआधी तो इद्रिसकडे वळला. त्याचा रंग, त्याचे केस, त्याचा मुलूख, कशाचंच त्या म्हाताऱ्याला नवल वाटलेलं दिसलं नाही. मेंढरांमागे उभा होता म्हणजे चाकर होता.

“तुझी काढून घे बाबा आधी,” तो म्हणाला.

इद्रिसला सगळे शब्द कळले नसतील, पण काय विचारलं ते कळलं. त्याच्या मुलखातही हेच विचारत असणार. त्याची नजर मेंढरांच्या कानांवरून सरकत गेली, त्या काळ्या तोंडाच्या मादी कोकरापाशी थांबली आणि परत आली. “मेरा कुछ नै, चाचा,” तो म्हणाला. “मेरेकू पगार था.”

“पगारी हाय व्हय,” म्हातारा म्हणाला. त्याच्या आवाजात हेटाळणी नव्हती, हिशेब मिटल्याचा सुटसुटीतपणा होता. तो मायसमोर बसला आणि त्यानं रुमाल पसरला. मायनं हात लगेच पुढे केला नाही. ती प्रांजलीकडे बघत होती. कुणीतरी दोन शब्द म्हणायचे होते. त्याची आहेत. रुमालाखाली हात जाईपर्यंत ती मेंढरं माय-लेकींचीच होती, कुणाला काही विचारावं लागत नव्हतं. प्रांजलीला ते दोन शब्द स्पष्ट दिसत होते. तिला मेंढीच्या डोळ्याच्या कोपऱ्यात बसलेली माशीही दिसत होती, मायच्या मनगटावरचं हिरवं गोंदण दिसत होतं, खंडेराव फोनवर, हो साहेब, दुपारपाळीला येतो, असं म्हणत असलेला ऐकू येत होता. आता म्हणायचं, असं ती स्वतःला सांगत होती. माय म्हणेल, असंही तिला वाटत होतं. कळप मायचा, रीत मायची. जीभ तोंडात जड होऊन पडली होती, दुसऱ्या कुणाची असावी तशी. मायचा हात रुमालाखाली गेला. कापड थोडा वेळ हललं आणि थांबलं. सौदा झाला.

मग तिला बोलता आलं. ती म्हाताऱ्यामागे गेली आणि या पोराला सोबत न्या, म्हणून विनवू लागली. काम चांगलं करतो, मेंढरं त्याच्या मागं येतात. म्हाताऱ्यानं शांतपणे ऐकलं. मानूस चांगला दिसतोय पोरी, तो म्हणाला, पन त्याचं काय हाय हितं? उद्या पावसापान्यात मेंढरू अडलं, रस्त्यात गाडी घुसली, तर त्यो कुनापायी थांबंल? पगार बंद झाल्यावरही तो थांबला होता, प्रांजली म्हणाली, सगळा उन्हाळा बिनपगारी राहिला. म्हातारा चालता चालता थबकला. “बिनपगारी राह्यला,” तो म्हणाला, “अन् एक कान नाय त्याचा?” त्यानं वळून पोत्यावर बसलेल्या म्हाळसाबाईकडे पाहिलं. ज्या बाईनं चाकराला रिकाम्या हातानं लावून दिलं, तिच्याकडे धनगर जसं बघेल तसं पाहिलं, आणि पुढे काही न बोलता मेंढरं वळवायला गेला. मायनं ती नजर खाली मान घालून घेतली. पोरीचं नाव घेतलं नाही.

प्रांजली तिच्याजवळ येऊन बसली. तू का नाही बोललीस, असं तिनं विचारलं, आणि विचारतानाच ते किती उलटं आहे हे तिला कळलं.

“म्या तुझ्या तोंडाकडं बघत हुते,” माय म्हणाली. “तूच म्हन्ली हुतीस, पगार हाय म्हनून.”

तेव्हा तिला लाज वाटली. पायाच्या तळव्यापासून वर चढत आली, गरम, साधी, कुणालाही वाटते तशी लाज. आबा गेल्यापासून तिला काही वाटलं असेल तर ते हे पहिलंच. त्यामागून आबाही आला असता कदाचित, तिनं जरा वाट पाहिली असती तर. पण इद्रिस मेंढरं बाजाराच्या तोंडापर्यंत पोचवून परत येत होता. रस्त्यावर गाड्या होत्या, म्हाताऱ्याला एकट्याला ती ओलांडता आली नसती, म्हणून त्यानं ती ओलांडून दिली होती. तो मायपाशी वाकला, तिच्या खांद्याला धरून तिला नीट बसवलं, पोतं सारखं केलं. मग हात पॅन्टला पुसत प्रांजलीसमोर उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. वर्षभरापूर्वी बेकरी सोडून आला तेव्हाचा तो नम्र, विझलेला चेहरा त्यानं पुन्हा लावला होता.

“मॅडम,” त्यानं विचारलं, “अब कौनसा कोर्स है?”

“शिवणकामाचा,” प्रांजली म्हणाली. “सोमवारपासून.”

“हौ मॅडम,” इद्रिस म्हणाला.